घरातल्या फरशीवर टिकेल अशी छोटी आरसी बग्गी कशी निवडावी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच पोरांना बाहेर सोडायची सोय राहत नाही. अशा दुपारी हॉलमध्ये पळणारी आरसी (रेडिओ कंट्रोल) बग्गी, म्हणजे मोठ्या चाकांची रिमोटची छोटी गाडी, हा चांगला विरंगुळा आहे, आणि मोठ्यांनाही तो लागतो. अडचण येते ती निवडताना. खोक्यावर ठळक छापलेलं असतं ते ‘ऑफ-रोड’, ‘४५ किमी वेग’, ‘मोठी चाकं’, म्हणजे सगळं मैदानासाठीचं. घरात याच गोष्टी गाडीच्या मुळावर येतात. घरासाठीची गाडी हलकी हवी, हळू चालवता यायला हवी आणि मोडली तर घरीच उघडून जोडता यायला हवी. पुढचं सगळं याच तीन गोष्टींभोवती आहे.

आधी घर मोजा

मीटर टेप घेऊन चार मापं कागदावर लिहा. हॉलमधली सर्वांत लांब मोकळी रेष किती? सोफा आणि टीपॉयमधली सर्वांत अरुंद वाट किती? खोल्यांच्या मधला उंबरठा किती उंच? आणि सोफा, दिवाण, कपाट यांच्याखाली मोकळी उंची किती?

शेवटचं माप सहसा कुणी घेत नाही आणि पहिल्याच दिवशी तिथेच गाडी अडकते. गाडी कपाटाखालून आरामात जाणारी तरी हवी, नाहीतर अजिबात न शिरणारी तरी. उंची जेमतेम जुळली की ती आत घुसते, वरचं कव्हर अडकतं, पोरगं रिमोटवरचा ट्रिगर (वेगाचा खटका) सोडत नाही आणि चाकं अडलेल्या अवस्थेत मोटर तापत राहते. छोट्या मोटरी धावून जळत नाहीत, त्या अशा अडकून जळतात.

अरुंद वाटेचं गणित सोपं आहे. पुढची चाकं साधारण २५ अंश वळतात असं धरलं, तर पूर्ण गोल फिरायला पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या सव्वाचार पट व्यासाची जागा लागते. चाकांमधलं अंतर १० सेंमी असेल तर सुमारे ४३ सेंमी. १८ सेंमी असेल तर ७७ सेंमी, त्यात गाडीची रुंदी मिळवा म्हणजे एक मीटरच्या आसपास. गुळगुळीत फरशीवर पुढची चाकं घसरतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच लागतं. टीपॉयशेजारची वाट ६० सेंमीची असेल तर मोठी बग्गी तिथे वळणारच नाही, दर वेळी मागे-पुढे करावं लागेल.

आता फरशी. फ्लॅटमधली दोन बाय दोनची चकचकीत टाइल असेल तर छोट्यात छोटी गाडीही छान पळते. जुन्या वाड्यात किंवा धाब्याच्या घरात शहाबादी फरशी असते, तिचे सांधे रुंद आणि कडा वर-खाली झालेल्या. तिथे २५-३० मिमी व्यासाची चाकं दर सांध्याला उडतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बग्गी चालवू नका. पोपडे निघतात आणि ती धूळ गिअरमध्ये जाते. ओसरीवर कोबा असेल तर तो चालतो.

आकार: स्केलचा आकडा आणि खरं माप

१/२८ म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी. पण हा आकडा कंपन्या सैलपणे वापरतात. एकाची १/१८ दुसऱ्याच्या १/१६ पेक्षा मोठी निघते. म्हणून लांबी आणि वजन बघा.

१/२८ आणि १/२४ च्या गाड्या १५ ते १८ सेंमी लांब असतात. १/२८ ची वजनं १५० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे भरल्या मोबाइल फोनएवढी. टाइलच्या घरासाठी हाच योग्य गट. क्योशो कंपनीची मिनी-झेड बग्गी याच गटातली. ती चार ट्रिपल-ए सेलवर चालते आणि घरात चालवायलाच बनवलेली आहे. डब्ल्यूएलटॉइज कंपनीच्या १/२८ मालिकेतल्या गाड्या त्यामानाने स्वस्त आणि फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना मोटरचा जोर) आहेत, त्यांचे सुटे भागही मिळतात.

१/१८ आणि १/१६ च्या गाड्या २२ ते २८ सेंमीच्या. शहाबादी फरशी, लांब ओसरी, उंबरठे ओलांडायचे असतील तर हा गट घ्या, पण वेग बांधून.

१/१४ घरासाठी मोठी. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही या मापातली बग्गी बरीच लोकप्रिय आहे, ऑनलाइन शोधलं की तीच आधी समोर येते. गाडी चांगलीच आहे, पण ती ५५० मापाची मोटर आणि ताशी ६० किमीचा दावा घेऊन येते. हॉलमध्ये तिचं काय होतं ते पुढच्या हिशोबात दिसेल. १/१० चा विचार घरासाठी करूच नका.

उंबरठ्यासाठी ठोकताळा असा: फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हळू वेगात आपल्या चाकाच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश उंचीची पायरी चढते. ३० मिमी चाकाला १० मिमी, ६० मिमी चाकाला २० मिमी. उंबरठा याहून उंच असेल तर गाडी वेगाने आदळून चढवावी लागते, आणि पुढचे आर्म (चाकं गाडीला जोडणारे दांडे) मोडण्याचं ते सर्वांत खात्रीचं कारण आहे. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा किंवा प्लायच्या तुकड्याचा उतार ठेवा.

वेग: खोक्यावरचा आकडा उलटा वाचा

पाच मीटरच्या हॉलमध्ये ताशी ३० किमीने गाडी सोडली तर ती ०.६ सेकंदात समोरच्या भिंतीवर असते. माणसाला नुसतं बघून बोट हलवायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. चालवायला काही उरतच नाही, फक्त आदळणं उरतं.

एक सूत्र वापरा. सर्वांत लांब रेष पार करायला गाडीला निदान दीड सेकंद लागावा. म्हणजे रेषेची लांबी मीटरमध्ये घ्या आणि २.४ ने गुणा. जो आकडा येईल तो तुमच्या घराचा कमाल वेग. पाच मीटरला १२ किमी, चार मीटरला साडेनऊ, बारा मीटरच्या लांब ओसरीला २९.

आदळण्याचा जोर समजायला उंचीशी तुलना करा. ताशी ४० किमीने भिंतीवर आदळणं हे गाडी सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकण्यासारखं आहे. ताशी १२ किमीने आदळणं म्हणजे ५७ सेंमीवरून, पलंगाच्या उंचीवरून पडणं. वर वजनाचा भाग वेगळाच. एक किलोची १/१४ बग्गी ४० च्या वेगात जी ऊर्जा घेऊन येते, ती पावणेदोनशे ग्रॅमच्या गाडीच्या १२ च्या वेगातल्या ऊर्जेच्या साठ पटींहून जास्त असते. गाडी टिकाऊ की तकलादू हा प्रश्न बराचसा इथेच सुटतो. हलकी आणि हळू गाडी साध्या प्लॅस्टिकची असली तरी वर्षानुवर्षं चालते. जड आणि वेगवान गाडीला ॲल्युमिनियमचे भाग लावले तरी काहीतरी वाकतंच. पायाच्या घोट्यावर बसली तर काय, तेही याच हिशोबात धरा.

वेग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ट्रान्समीटरवरचा, म्हणजे रिमोटवरचा: थ्रॉटलची (वेगाची) मर्यादा ठरवणारी कळ किंवा चकती असते, ती ३० किमीच्या गाडीला ४० टक्क्यांवर ठेवली की काम होतं. मात्र स्वस्त गाड्यांत फार खाली आणलं की सुटताना गाडी अडखळते. दुसरा मार्ग मोटरच्या दांड्यावरचा पिनियन (छोटा गिअर) लहान करण्याचा. १० दात्यांच्या जागी ८ दात्यांचा बसवला तर कमाल वेग २० टक्क्यांनी उतरतो, हळू वेगातली ओढ वाढते आणि मोटर थंड राहते. ज्या गाडीला लहान पिनियन मिळतो ती घरासाठी उजवी. पिनियन बदलताना तो मोठ्या गिअरला किती चिकटवायचा हे बघायला दोघांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी ठसा उमटायला हवा, ती फाटायला नको.

टू-व्हील की फोर-व्हील

टाइलवर फोर-व्हील. टू-व्हील बग्गीचा सगळा जोर मागच्या चाकांवर येतो आणि ट्रिगर जरा जास्त दाबला की शेपूट गर्रकन फिरते. शिकलेल्याला त्यात मजा येते, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला ती गाडी ‘ऐकत नाही’ असं वाटतं. काही गाड्यांत जायरो (गाडी फिरतेय हे ओळखून स्टिअरिंग आपोआप सावरणारा भाग) असतो, तो शेपूट सावरतो. असला तर चांगलं, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

टायर बग्गीचे काटेरी आले तरी फरशीवर त्यांचा उपयोग नाही, कारण रबराची फक्त टोकं टेकतात. बारीक, दाट काट्यांचे किंवा सपाट आणि मऊ रबराचे टायर धरून ठेवतात. घसरगुंडीचं खरं कारण बहुतेक वेळा धूळ असते. दर दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने टायर पुसा, फरक लगेच कळतो. कूलरसमोरच्या फरशीवर पाण्याचे थेंब पडलेले असतात, तो कोपरा टाळा. काळ्या मऊ रबराच्या खुणा पांढऱ्या टाइलवर उमटतात. ओल्या फडक्याने निघतात, पण घरच्यांनी बघण्याआधी पुसलेल्या बऱ्या.

मोडतं काय आणि का

दुकानात गाडी हातात आली की सरळ उलटी करा. घरातली टक्कर बहुतेक वेळा पुढच्या एका कोपऱ्यावर होते, कारण खुर्चीचा पाय किंवा दाराची चौकट एका चाकाला लागते. तो धक्का चाकातून नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो वळणारा तुकडा), तिथून सी-हबमध्ये (नकल धरणारा तुकडा), मग सस्पेन्शन आर्ममध्ये आणि शेवटी सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दात्यांत जातो. मोडण्याचा क्रमही बहुधा हाच.

म्हणून पहिली गोष्ट बघा: चाकाच्या पुढे बंपर आहे का, आणि तो चाकांइतका रुंद आहे का? अरुंद बंपर फक्त समोरची भिंत सांभाळतो, खुर्चीचा पाय नाही. बंपर नसेल तर जुन्या रबरी चपलेचा तळवा कापून बनवता येतो. १५ ते २० मिमी जाडीचा, दोन्ही चाकांच्या बाहेर ५ मिमी येईल एवढा रुंद तुकडा कापा आणि मूळ बंपरला दोन केबल टायने आवळा. गाडी २ मिमीत थांबण्याऐवजी १५ मिमीत थांबली की धक्क्याचा जोर साडेसात पटीने उतरतो. हा सर्वांत स्वस्त सुधार आहे आणि बाजारातल्या कुठल्याही महागड्या भागापेक्षा जास्त कामाचा.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिक. आर्म आणि नकल नायलॉनचे हवेत. नायलॉन किंचित मेणचट दिसतं, चकाकत नाही आणि आर्म बोटाने हलकेच पिळला तर वाकून परत येतो. एबीएस प्लॅस्टिक चकचकीत आणि ताठ असतं, वाकवलं तर वळलेल्या जागी पांढुरकी रेघ उठते. एबीएसचं कव्हर चालेल, आर्म नको.

खान्देशच्या हवेत नायलॉनला एक खोड लागते. नायलॉन आपला चिवटपणा थोडाफार आत मुरलेल्या ओलाव्यातून मिळवतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत तो ओलावा उडतो आणि भाग कडकडीत होतात. पावसाळ्यात वाकणारा आर्म उन्हाळ्यात तटकन मोडतो तो यामुळे. उपाय असा: नायलॉनचे सुटे आर्म आणि नकल पातेल्यात पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या, मग बसवा. उरलेले सुटे भाग ओलसर कापसाच्या बोळ्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. एबीएसचे भाग, बेअरिंग किंवा धातू बसवलेले भाग उकळू नका. एबीएस उकळत्या पाण्यात वेडंवाकडं होतं.

तिसरी गोष्ट सर्व्हो सेव्हर. स्टिअरिंगच्या सर्व्होवर एक स्प्रिंगवाला तुकडा असतो, चाकाला धक्का बसला की तो वळतो आणि सर्व्होचे दाते वाचतात. तपासायचं असं: गाडी चालू करून, पुढचं चाक हाताने हळूच वळवा. चाक स्प्रिंगसारखं वळून परत आलं तर सेव्हर आहे. दगडासारखं घट्ट राहिलं तर नाही, जोर लावू नका.

चौथी गोष्ट बेअरिंग. चाकांच्या दांड्यांवर बॉल बेअरिंग आहेत की नुसते प्लॅस्टिकचे बुश, हे विचारा. बुश असतील तर दांडा काही महिन्यांत भोक मोठं करतो आणि चाक लडबडतं. बेअरिंगची माप लिहून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीच माप सांगितली की दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं बेअरिंग बसतं.

गिअर धातूचे असावेत का, हा नेहमीचा प्रश्न. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचात, धातू चांगला. मोठा गिअर मात्र प्लॅस्टिकचाच असू द्या. काही अडकलं तर तो स्वस्तातला एक गिअर जातो आणि बाकीचं वाचतं. शिवाय सगळे गिअर धातूचे असले की टाइलवर गाडी करकरते, आणि दुपारी घरातली मोठी माणसं झोपलेली असतात.

रिमोट आणि आतलं सर्किट

रिमोट ‘प्रपोर्शनल’ हवा, म्हणजे ट्रिगर जेवढा दाबाल तेवढाच वेग आणि चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळण. खेळण्यातल्या गाड्यांत बऱ्याचदा सगळं किंवा काहीच नाही असा मामला असतो. तपासायला गाडी हातात उचलून धरा आणि ट्रिगर अगदी सावकाश दाबा. मोटरचा आवाज हळूहळू चढत गेला तर प्रपोर्शनल, एकदम ‘घर्र’ झालं तर नाही. काही गाड्यांत वेग प्रपोर्शनल असतो पण स्टिअरिंग फक्त डावं-सरळ-उजवं. दोन्ही वेगवेगळं तपासा. घरात स्टिअरिंगचाच जास्त कस लागतो.

२.४ गिगाहर्ट्झचाच रिमोट घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या-मावश्यांची पोरं जमतात, दोन-तीन गाड्या एका हॉलमध्ये सुटतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या एकाच वाहिनीवरच्या दोन गाड्या एकमेकींचे हुकूम ऐकतात आणि भांडणं होतात. २.४ वर प्रत्येक गाडी आपल्याच रिमोटला बांधलेली असते.

फेल-सेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की गाडी आपोआप थांबण्याची सोय, तपासा. चाकं हवेत धरून थोडा थ्रॉटल द्या आणि तसाच धरून रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. पुढे रोज वापरताना रिमोट आधी चालू, गाडी नंतर; बंद करताना गाडी आधी, रिमोट नंतर.

सर्व्होच्या वायरी मोजा. तीन वायरी असतील तर तो सर्वमान्य प्रकार, जळला तर त्याच मापाचा कुठलाही सर्व्हो लावता येतो. पाच वायरी असतील तर त्याचं डोकं मुख्य सर्किटमध्ये असतं आणि त्याच मॉडेलचाच सर्व्हो लागतो. रिसीव्हर (रिमोटचा हुकूम घेणारा भाग) आणि वेग-नियंत्रक एकाच पाटीवर असणं छोट्या गाड्यांत नेहमीचं आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त ती पाटी सुटी मिळते का ते आधी बघा.

ब्रशवाली मोटर (आत घासणाऱ्या ब्रशांतून वीज घेणारी साधी मोटर) घरासाठी पुरते. ब्रशलेस जास्त टिकते, पण तिचा वेग घरात वापरता येत नाही आणि स्वस्त ब्रशलेस अगदी हळू वेगात धक्के देते.

बॅटरी, आणि आपल्याकडचा उन्हाळा

किती वेळ चालेल याचं गणित: बॅटरीवर लिहिलेल्या एमएएचला (क्षमतेच्या आकड्याला) ६० ने गुणा, १००० ने भागा, मग गाडी सरासरी जितके अँपिअर ओढते त्याने भागा. ४०० एमएएचची बॅटरी आणि २ अँपिअर ओढ असेल तर १२ मिनिटं. दोन बॅटऱ्या घ्या, तीन नको. दोन बॅटऱ्यांमध्ये मोटरला दहा-पंधरा मिनिटं विश्रांती देणं भागच असतं. मोटरवर बोट तीन सेकंद ठेवता आलं नाही तर ती फार तापली आहे.

ट्रिपल-ए सेलवर चालणारी गाडी असेल तर निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल वापरा, ७०० ते ९०० एमएएचचे. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी मोटरने ओढ लावली की त्यांचा व्होल्टेज १.२ च्या रिचार्जेबलपेक्षा खाली बसतो. मे महिन्यात दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला हाच प्रकार सर्वांत निर्धास्त.

लिथियमच्या बॅटरीला नियम आहेत. टू-एस म्हणजे दोन सेल: नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४, आणि ६.४ च्या खाली उतरवू नये. बऱ्याच स्वस्त गाड्यांना खालची मर्यादा पाळणारं सर्किट नसतं, म्हणून गाडी मंदावली की थांबा, ‘अजून एक चक्कर’ नको. ज्या दिवशी वापरायची नाही त्या दिवशी ती ७.६ व्होल्टच्या आसपास ठेवा. साधा मल्टिमीटर पुरतो.

चार्जिंग ४५ अंशांच्या वर करायचं नाही, हा लिथियमचा सर्वसाधारण नियम. भुसावळला मेमधल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत खोलीच तिथपर्यंत गेलेली असते, त्यात बॅटरी नुकती वापरून गरम. म्हणून चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री, बॅटरी हाताला थंड लागल्यावर, आणि समोर माणूस असताना. खाली फरशी किंवा स्टीलचं ताट असू द्या, गादी किंवा पडदा नको. खोक्यातल्या यूएसबी चार्जरला साधा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावा. बॅटरी बंद उभ्या कारमध्ये, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. वाळू भरलेल्या डब्यात घराबाहेर ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

खरेदी

आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत बहुधा खेळण्यातल्या गाड्या असतात, सुटे भाग नसतात. छंदाच्या दर्जाची (सुटे भाग मिळणारी, हॉबी-ग्रेड) गाडी ऑनलाइन मागवावी लागते. लिथियम बॅटरीचं पार्सल रस्त्याने यायची शक्यता धरून चार-सहा दिवस जास्त हाताशी ठेवा.

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. दुकानातून मुलासाठी गाडी घेताना ते बघा. छंदाच्या गाड्यांवर सहसा ‘१४ वर्षांवरील’ असं लिहिलेलं असतं. लहान मुलाने ती मोठ्या माणसासोबतच चालवावी.

पैसे भरण्याआधी एक काम करा. त्या मॉडेलचं नाव आणि ‘फ्रंट आर्म’ असं टाकून शोधा, भाग भारतात साठ्यात आहे का बघा. नसेल तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. गाडीसोबतच मागवा: पुढच्या आर्मच्या दोन जोड्या, सी-हब आणि नकलची एक जोडी, डॉगबोन (चाकाला फिरवणारे दांडे) दोन, पिनियन दोन (एक मूळ, एक लहान), मोठा गिअर एक, सर्व्हो एक, टायरचा एक संच. बजेटच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत हे जातं. एकूण पाच हजार असतील तर गाडी चार हजारांच्या आतली बघा.

वायर तुटणं किंवा बॅटरीचा कनेक्टर बदलणं यासाठी कुठे लांब जायला नको. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणारे सोल्डरिंग करून देतात. लाल-काळी वायर कुठे होती याचा फोटो आधी काढून ठेवा, उलटी जोडली तर सर्किट जातं.

पहिला दिवस आणि ट्रॅक

खोक्यातून काढल्यावर सगळे स्क्रू हाताच्या पेचकसाने एकदा तपासा. प्लॅस्टिकमधला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, ‘टक’ असा हलका धक्का जाणवला की जुनी चाकोरी सापडली, मग आवळा. सरळ दाबून फिरवला तर नवीन चाकोरी पडते आणि तीन-चार वेळांत भोक सैल होतं. स्क्रू घट्ट करणारं द्रव फक्त धातूत शिरणाऱ्या स्क्रूंना लावा. प्लॅस्टिकला ते चिरा पाडतं. ट्रिम (रिमोटवरची, चाकं मध्यावर आणणारी कळ) लावून गाडी सरळ जाते का बघा, आणि स्टिअरिंगचा कमाल वळसा एवढाच ठेवा की चाक टोकाला गेल्यावर सर्व्हो गुणगुणणार नाही.

ट्रॅकसाठी खान्देशात उत्तम सामान फुकट पडलेलं असतं: ठिबकची १६ मिमीची लॅटरल नळी. केळी किंवा कापसाच्या शेतातून निघालेला जुना तुकडा धुऊन घ्या, तासभर उन्हात पसरून ठेवला की वेटोळं सुटतं, मग जॉइनरने जोडून वळणं करा. फरशीला कागदी चिकटपट्टीने जागोजागी धरा. ३० मिमी चाकाची गाडी १६ मिमीच्या नळीवर चढत नाही, बाजूला सरकते, हेच हवं. मोठ्या चाकाच्या १/१८ ला ती ओलांडता येते, तिथे ३२ मिमीचा पाईप लागेल. रुंदी गाडीच्या चौपट ठेवा. पंख्याखाली बिबडे किंवा कुरडया वाळत घातल्या असतील तर त्या दिवशी ट्रॅक दुसऱ्या खोलीत.

केस, सूत, कापूस

घरात गाडीचा खरा शत्रू भिंत नाही, केस आहे. लांब केस, सतरंजीचं सूत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर उडणारी सरकीची तंतू-धूळ चाकाच्या मागे दांड्यावर गुंडाळली जाते, आत सरकते आणि बेअरिंगला घट्ट आवळते. लक्षण असं की गाडी एका बाजूला ओढते, मोटर नेहमीपेक्षा गरम लागते आणि बॅटरी बाराऐवजी आठ मिनिटांत संपते. लोक बॅटरी बदलतात, दोष चाकात असतो. दर चौथ्या-पाचव्या बॅटरीनंतर चारही चाकं काढा, नेलकटरने केस कापून चिमट्याने ओढा, दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि जास्तीचं पुसून घ्या. उघड्या गिअरना तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून कुरुंदासारखी घासते. चाक परत बसवल्यावर बोटाने फिरवून बघा: एकाच बाजूची पुढची-मागची दोन्ही सारखीच सैल फिरायला हवीत, आणि नट आवळल्यावर चाक अडकत असेल तर पाव फेरा सोडा.